थेंब्यानं बसवलेली बुचं

थेंब्या पाण्याला घाबरायचा, हे आधीच सांगून टाकतो. इतकी वर्षं ज्यानं पाण्याशी कुस्ती खेळून पोट भरलं, तो माणूस आंघोळीला जाताना दाराची कडी लावायचा नाही. का, तर "काही झालं तर कुणाला आत येता यावं." बादलीभर पाण्यात काय होणार, असं मी त्याला अनेकदा विचारलं. तो म्हणायचा, "व्हायचं असलं की चमचाभरातही होतं."

भीतीच्या बाबतीत त्याचा हात कुणी धरला नसता. लिफ्टमध्ये शिरायचा तो श्वास रोखून. कुकरची शिट्टी झाली की हा स्वयंपाकघराबाहेर. दाढीला बसला आणि वस्तरा गळ्यापाशी आला की न्हाव्याचं मनगट घट्ट धरायचा. न्हावी वैतागून म्हणायचा, "मामा, हात सोडा. माझ्या हातून तुमचा गळा कापला जाईल तो तुमच्याच मदतीनं."

असा हा माणूस जुन्या गाड्यांची गळती काढायचा. इंजिनाला हात लावायचा नाही, रंग नाही, पत्रा ठोकणं नाही, फक्त गळती. पन्नास-साठ वर्षांच्या, हौसेनं जपलेल्या गाड्या असतात ना, बाहेरून नवरीसारख्या नटलेल्या, आणि चार थेंब पडले की आत मालकाच्या मोज्यात पाणी, त्या सगळ्या त्याच्याकडे यायच्या. त्याची पत्र्याची शेड आणि माझं सीटकव्हरं शिवायचं दुकान यांच्यामध्ये फक्त फळ्यांची भिंत. गाडी त्याच्याकडे वाळली की सीटा माझ्याकडे यायच्या. एकाच गळतीवर दोन घरं जगली, दुसरं काय.

त्याची विद्या सांगायला सोपी होती. गाडीतलं सगळं जाजम काढायचं, तळ पुसून कोरडा करायचा, त्यावर लहान मुलांची अंगाला लावायची पावडर भुरभुरायची. मग काचा बंद करून हा आत उताणा झोपणार, डोकं डॅशबोर्डखाली, तोंडात बॅटरी. बाहेर पाइप घेऊन वहिनी, म्हणजे त्याची बायको. पाणी खालून वर मारायचं, कधीही वरून खाली नाही. वरून सुरुवात केली की पाणी सगळीकडे पळतं आणि चोर सापडत नाही. आत पांढऱ्या पावडरीत काळी रेघ उमटली की तिथून चोर आला. मग काचेवर टकटक. एक टकटक म्हणजे बाजूला सरक. दोन म्हणजे थांब. तीन म्हणजे दार उघड. ही तीन तो अधूनमधून विनाकारणही मारायचा. चेहऱ्यावर एक थेंब पडला तरी पुरे.

आणि एक अट होती. तो आत असेपर्यंत वहिनींनी सतत बोलत राहायचं. काय बोलायचं ते त्यांचं त्यांनी ठरवायचं, पण आवाज थांबता कामा नये. आवाज थांबला की त्याला वाटायचं, बाहेर कुणी उरलंच नाही. आता वहिनींना बोलायला सांगणं म्हणजे उताराला लागलेल्या गाडीला ढकलणं. कुणाची सून कुठे रुसली, कुणाच्या जावयानं कुठे दिवे लावले, सगळं त्या पाइपाच्या आवाजात सांगायच्या. फळीला कान लावायची मला गरज नव्हती. मी लावायचो ती गोष्ट वेगळी.

आता त्याचं गुपित. मला ते फार उशिरा कळलं, पण तुम्हाला आधी सांगतो, नाहीतर त्या दिवशी त्याच्या तोंडचं पाणी का पळालं ते समजणार नाही.

अठरा वर्षांपूर्वी थेंब्या या धंद्यात नवा होता. एका वर्षी पाऊस फार झाला आणि ओल्या गाड्यांची रांग लागली. एका गाडीखाली झोपून बघतो तर दाराखाली जी लांबच लांब पोकळ पट्टी असते, आम्ही तिला उंबरा म्हणतो, तिच्या तळाला तीन भोकं. दुसऱ्या बाजूलाही तीन. दुसरी गाडी पाहिली, तिलाही तशीच. थेंब्याला वाटलं, पाणी इथूनच उडून आत येतंय. "एवढी मोठी कंपनी, आणि भोकं बुजवायला विसरली!" असं तो चार लोकांत हसून सांगायचा. त्यानं ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर कापलं, थरावर थर चिकटवून काळी बुचं केली आणि ठोकून बसवली. गाडीला सहा, अशा सात गाड्या. मालक खूश. खालचा चिखल उडायचा बंद झाला.

दोन वर्षांनी एका म्हाताऱ्या पत्रेवाल्यानं त्याच्या हातातलं बूच पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अरे गाढवा, ही गाडीची मोरी आहे! काच, दार, छप्पर, कुठून ना कुठून पाणी आत येणारच. ते उंबऱ्यात उतरतं आणि या भोकांतून निघून जातं. मोरी बुजवलीस तर पाणी तिथेच बसून पत्रा खात राहील. बाहेरून चकचकीत रंग आणि आतून भिजलेलं बिस्कीट!"

त्याच दिवशी उठून सात घरी जायला हवं होतं. पण गेला तर थेंब्या कसला? लोक काय म्हणतील, गिऱ्हाईक तुटेल, कुणी अंगावर धावून येईल. आज नको, उद्या बघू. सातपैकी चार गाड्या आपणहून परत आल्या, त्यांची बुचं त्यानं चोरासारखी काढून टाकली. पाचवी भंगारात गेली. राहिल्या दोन, एकाच कंपनीच्या, एकाच घडणीच्या, गोल डोळ्यांच्या. एक आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंची हिरवी. दुसरी डोंगरावरच्या गावातल्या डॉक्टरांची निळी.

आणि दैवाची गंमत बघा. डॉक्टरांचा मुलगा शिकायला खाली आमच्या गावात आला. वडिलांच्या ओळखीनं जेवायला थेंब्याकडे. जेवता जेवता काय शिजत होतं ते सगळ्या गल्लीला कळलं, फक्त थेंब्याला नाही. थेंब्याची एकुलती लेक, माऊ म्हणतो आम्ही तिला, ती डॉक्टरांची सून झाली, पुढे चिमणीची आई झाली. आता व्याह्याला कसं सांगायचं, की तुमची गाडी मी आतून कुजवतोय? दरवेळी हा स्क्रूड्रायव्हर पिशवीत घालून लेकीकडे जायचा. दरवेळी डॉक्टर स्वतः त्याला गाडीपाशी न्यायचे, बॉनेटवर थाप मारून म्हणायचे, "बघा, तुमच्या हातची! इतक्या वर्षांत पाय ओले झाले नाहीत." एवढ्या कौतुकापुढे कुणाचं तोंड उघडतं? गाडी कोरड्या शेडमध्ये उभी असते, रविवारी बाजारापर्यंत जाऊन येते, काही होत नाही, अशी स्वतःची समजूत घालून तो स्क्रूड्रायव्हरसकट परत यायचा.

आता त्या गुरुवारचं ऐका. चार दिवस पाऊस लागून राहिला होता आणि त्या सकाळी उघडला. दहाच्या सुमाराला मोठ्या बाईंची हिरवी गाडी शेडपुढे येऊन थांबली. बाई अठ्ठ्याहत्तरच्या, पाठ अजून फूटपट्टीसारखी. थेंब्या आणि मी, दोघंही त्यांच्या हाताखालून गेलेले. म्हणजे छडीखालून.

"पाय ओले होतायत रे," बाई म्हणाल्या. "आणि वळण घेतलं की खालून डबडब आवाज येतो. भरलेली घागर हिंदकळावी तसा."

हा आवाज पाण्याचा, आणि उंबऱ्यातला, हे थेंब्याला एका क्षणात कळलं असणार. त्याचा चेहरा पांढरा पडला. "बघतो बाई, बसा तुम्ही," म्हणाला आणि गाडीखाली सरकला.

बूच जसंच्या तसं होतं. आपण बसवलेलं निघत नाही, अशी फुशारकी हा मारायचा. ती त्या दिवशी पुरेपूर खरी ठरली. पक्कड लावून त्यानं जोर केला, बूच निघालं आणि तांबडं, सडकं पाणी भसाभस त्याच्या छातीवर कोसळलं. तो किंचाळलाच. बाई म्हणाल्या, "काय झालं रे?"

"काही नाही बाई. काचेचं रबर गेलंय."

गाडीखाली काचेचं रबर! मी फळीआडून हसलो. मला काय ठाऊक?

बूच त्यानं शर्टाच्या खिशात टाकलं आणि आपलं नेहमीचं नाटक सुरू केलं. जाजम काढलं, पावडर टाकली, आत झोपला, काचा बंद. वहिनींनी पाइप धरला आणि तोंडही सोडलं.

"अहो, सांगायचंच राहिलं. माऊचा सकाळी फोन आला होता, तुम्ही दाढीला गेलेलात तेव्हा. बसनं नाही येत म्हणाली. सासऱ्यांनी निळ्या गाडीची चावीच हातात ठेवली म्हणे. 'माझे गुडघे गेले, आता गाडी तुझी,' असं म्हणाले. एवढा जीव त्या गाडीवर, पण सुनेला दिली हो! जावईबापूंना सुट्टी नाही, म्हणून ही आणि चिमणी दोघीच निघाल्यात. नऊला निघाल्या, एकपर्यंत घाट उतरतील. मी म्हटलं सावकाश ये, तर म्हणते, आई, बाबांच्या हातची गाडी आहे, काय व्हायचंय..."

याच वेळी आत थेंब्याचा हात चालवायच्या सीटखाली होता. सीट तळाला चार बोल्टांनी पक्की केलेली असते. दाराकडचा मागचा बोल्ट त्यानं सहज चाचपला, तर बोल्ट उचलून हातात आला. नुसता नाही, भोवतालच्या पत्र्याचा तांबडा तुकडा घेऊन आला, दात पडावा तसा.

काचेवर तीनदा टकटक झाली. मग पुन्हा तीनदा. मग मोजता येईनाशी.

वहिनींनी दार उघडलं. हा बाहेर आला तो चार पायांवर. "फोन लाव. माऊला फोन लाव."

फोन लागेना. घाटात कधीच लागत नाही. त्यानं डॉक्टरांच्या घरी लावला. विहीणबाई पलीकडून मोठ्यानं बोलायच्या, आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. "कधीच्याच गेल्या की! आता घाटात लागल्या असतील. आणि काळजी कसली करताय? गाडी तुमच्याच हातची आहे."

त्यानं फोन खाली ठेवला. वहिनी विचारतायत, "अहो झालं काय? बोला तरी!" आणि हा म्हणतो, "काही नाही. सीट जरा ढिली असेल म्हणून..."

मोठ्या बाई खुर्चीतून उठल्या. चाळीस वर्षं त्यांनी खोटं बोलणारी पोरं पाहिली होती. "हात पुढे कर."

साठीचा माणूस, पण हात पुढे आला. तळव्यावर बोल्ट आणि गंजाचा चुरा.

"आणि खिशात काय आहे?"

काळं बूच बाईंच्या हातावर आलं. त्यातून अजून पाणी गळत होतं.

मग त्यानं सांगितलं. पाच-सहा वाक्यांत सगळी अठरा वर्षं. "माझ्याच हातून... निळीलाही हीच आहेत... सहा." वहिनींच्या हातातला पाइप तसाच चालू होता, पाणी त्यांच्या पायांवर पडत होतं. त्यांनी पाहिलंही नाही. "अठरा वर्षं?" एवढंच म्हणाल्या.

मी टेम्पोची किल्ली घेतली. मागे सोफ्याचा फोम होता, तो तसाच राहिला. बाई म्हणाल्या, "मी फोनपाशी बसते. तासभर लागला तरी लावत राहीन. लागला तर तिला काय सांगू?"

"सांगा, असशील तिथे थांब," थेंब्या म्हणाला. "पण ब्रेक जोरात दाबू नको म्हणावं."

"थांब म्हणायचं, आणि ब्रेक दाबू नको म्हणायचं?"

"बाई, ब्रेक जोरात दाबताना माणूस पाठीनं सीट मागे रेटतो. बोल्ट सुटला तर सीट मागे उलटेल. मग पाय ब्रेकवर पोचणार नाही, हात स्टिअरिंगवर राहणार नाहीत." इतकं बोलून तो थांबला, कारण आपण काय बोललो ते त्यालाच ऐकू आलं. "दुसरा गिअर टाक, हँडब्रेक हळूहळू ओढ, असं सांगा."

बाईंनी माझ्या दुकानातल्या पुठ्ठ्यावर खडूनं लिहून घेतलं. अक्षर अजूनही मोत्यासारखं. मला उगीच भीती वाटली, की शाई सांडली म्हणून आता मला बाहेर उभं करतील.

घाटाच्या पायथ्याशी पेट्रोल पंप आहे, तिथवर पाऊण तास. टेम्पोत पुढे आम्ही तिघं, मध्ये वहिनी. थेंब्या बरळत होता. "सतरा वळणं आहेत. नववं सगळ्यात वाईट. तिथे सगळे ब्रेक दाबतात. ती हलकी आहे म्हणा अंगानं. लहानपणापासून हलकी. पण पाऊस चार दिवस होता, उंबरा भरला असेल, वजन..." मग एकदम म्हणाला, "तू काहीतरी बोल ना गं."

वहिनी समोर बघत राहिल्या.

"काहीही बोल. नेहमीसारखं."

नाही बोलल्या. अख्ख्या रस्त्यात एक अक्षर नाही. मी त्या बाईला तीस वर्षं ओळखतो. झोपेतही बोलतात असं त्यांची जाऊ सांगायची. त्यांचं ते गप्प बसणं टेम्पोत चौथ्या माणसासारखं आमच्या अंगावर रेलून बसलं होतं. थेंब्यानं डॅशबोर्डवर बोटांनी टकटक केली, तीनदा, सवयीनं. मी लोकांच्या भीतीवर हसत आलेला माणूस, पण त्या दिवशी मलाही प्रत्येक उतारावर ब्रेक दाबताना पाठीमागे सीट आहे ना, असं वाटत होतं.

साडेबाराला पंपावर पोचलो. समोर घाटाचा शेवटचा उतार, सरळ पंपाच्या तोंडापर्यंत येणारा. थेंब्या रस्त्याच्या कडेला उभा राहिला. वरून गाडी दिसली की मान पुढे, जवळ आली की मान खाली. एक लाल गाडी. दोन मोटारसायकली. एक निळी दिसली तेव्हा तो धावलाच, ती दूधवाल्याची व्हॅन निघाली.

एक ट्रकवाला हवा भरायला थांबला. मी विचारलं, "वर निळी जुनी गाडी दिसली का? गोल दिव्यांची?"

"दिसली की. वळणावर कडेला उभी होती, बॉनेट उघडं."

"कोणतं वळण?" थेंब्या धावत आला.

"ते नाही मोजलं बुवा. मधलंच कुठलंतरी."

"आत कोण होतं? एक बाई? लहान मुलगी?"

"आत कुणी नव्हतं दिसलं," ट्रकवाला म्हणाला आणि चाकाकडे वळला.

आत कुणी नव्हतं. हे वाक्य उलटंसुलटं कसंही लावा, अर्थ लागत नव्हता. उतरल्या असतील. की बाहेर फेकल्या... वहिनींनी पदराचं टोक दातात धरलं. थेंब्या म्हणाला, "मी वर जातो. चालत जातो." ज्या माणसानं घाटात कधी खिडकीबाहेर पाहिलं नाही, जो डोळे मिटूनच लेकीच्या गावाला जायचा, तो निघालासुद्धा. मी त्याचा दंड धरला. "अरे, ती उतरेल आणि तू कठड्याला लागून जाशील, चुकामूक होईल. दहा मिनिटं थांब." त्यानं हात झटकला नाही.

दहाची पंचवीस मिनिटं झाली.

मग वरून आवाज आला, लहान गिअरमध्ये इंजिन रडतं तसा. सावकाश, फार सावकाश, बैलगाडीनंही ओव्हरटेक करावं अशा चालीनं निळी गाडी शेवटच्या वळणावरून बाहेर आली. मागे सात-आठ गाड्या हॉर्न वाजवत. काचेतून माऊ दिसली. छाती स्टिअरिंगला टेकलेली, पाठ सीटला लागलेली नाही. गाडी पंपाच्या सपाट जागेवर आली, हँडब्रेकचा करकर आवाज झाला आणि थांबली.

थेंब्यानं दार उघडलं. "उतर. आधी उतर. रेटू नको, सीटला रेटू नको."

माऊ उतरली. मागून चिमणी ओरडली, "आजोबा, मी दोनदा उलटी केली!" थेंब्यानं सीटच्या पाठीला एक बोट लावलं. सीट मागे झुकली आणि एका बॅगेवर अडली. सीटच्या मागे बॅग, बॅगेमागे उशी, उशीमागे चिमणीची पुस्तकांची थैली, अशी पाचर मारलेली होती.

"नवव्या वळणावर सीट हलली," माऊ म्हणाली. "कट्ट करून आवाज झाला आणि मी मागे गेले, एवढी," तिनं वीतभर दाखवलं. "पुढे कठडाच होता, बाबा. कशी थांबले मला माहीत नाही. इंजिनही तापलं होतं. चिमणीला उतरवलं, झाडाखाली बसवलं, हे सगळं कोंबलं. तेवढ्यात कसा कोण जाणे, मोठ्या बाईंचा फोन लागला. अर्धाच ऐकू आला. दुसरा गिअर, हँडब्रेक, पाठ टेकू नको. तसंच आले." मग तिनं श्वास घेतला. "आणि शेवटी म्हणाल्या, 'तुझ्या वडिलांनी,' आणि फोन कट झाला. तुझ्या वडिलांनी काय?"

आता नीट ऐका. 'तुझ्या वडिलांनी कळवायला सांगितलंय' असं एक वाक्य तयार होतं. कुणी खोटं म्हटलं नसतं. लेक वाचली होती, नात वाचली होती, गाडी जुनी, पत्रा जुना, पाऊस फार. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी तर काही बोलणार नव्हतो. आता लिहितोय ते सोडा. वहिनी त्याच्याकडे बघत होत्या, गप्प, अजून गप्प.

थेंब्यानं खिशात हात घातला. बूच बाई ठेवून घेतील असं मला वाटलं होतं, पण निघताना त्यांनी ते त्याच्या खिशात परत घातलं होतं. त्यानं ते माऊच्या तळहातावर ठेवलं.

"हे मी बसवलं होतं. या गाडीलाही. चूक होती ते मला सोळा वर्षांपूर्वी कळलं. तुझ्या लग्नाच्या आधी. मी घाबरलो."

माऊनं बूच पाहिलं. मग सीटकडे पाहिलं, मग मागच्या काचेला नाक लावून बसलेल्या पोरीकडे. ती रडली नाही, ओरडली नाही. "माझ्या लग्नाच्या आधी," एवढं हळूच म्हणाली. तो मार त्याला छडीनंही बसला नसता इतका बसला.

"डॉक्टरांना सांगतो मी," थेंब्या म्हणाला. "पुढच्या वेळी वर गेलो की..."

"पुढच्या वेळी नाही." माऊनं स्वतःचा फोन काढला, नंबर लावला आणि त्याच्या हातात दिला. "इथे फोन लागतो. बोला."

पलीकडे घंटी वाजायला लागली. थेंब्यानं फोन कानाला लावला. त्याचा चेहरा असा झाला होता जसा गाडीत उताणा झोपल्यावर पहिला थेंब पडताना व्हायचा. मोकळा हात गाडीच्या टपावर होता. मी बघत होतो. ती बोटं आपोआप वाजली. टक, टक, टक.

वहिनींनी ते ऐकलं. पंपावर आल्यापासून पहिल्यांदा त्या जागच्या हलल्या, येऊन त्याच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या आणि बोलायला लागल्या. खालच्या आवाजात, नेहमीसारखं, कशाबद्दलही. पंपावरच्या पोऱ्याच्या शर्टाची बटणं कशी खालीवर लागलीत, चिमणीला आता लिंबाचं सरबत द्यायला हवं, बाईंची खुर्ची आपण उन्हातच ठेवून आलो.

"डॉक्टर," थेंब्या म्हणाला, "हो, पोचल्या दोघी. सुखरूप. डॉक्टर, तुमच्या गाडीची मोरी मी बुजवली होती."

पुढे डॉक्टर काय म्हणाले ते मला सांगता येणार नाही. मी चांगला दोन पावलं पुढे सरकलो होतो, कानही लावला होता. पण वहिनी बोलत होत्या ना. एक शब्द ऐकू येईल तर शपथ.